जपानी पाहुणे आणि मामाचा हात

गुआमात मोठी माणसं भेटली की त्यांचा उजवा हात नाकाशी नेऊन हुंगायचा, मगच पुढे बोलायचं. मरीकितानं मात्र तुमोनच्या हॉटेलात, भर दारात, बेनितोमामाचा पुढे आलेला हात टाळला. त्या हाताला कायम रॉकेलचा वास, आणि मागून टोकियोच्या प्रवास कंपनीची माणसं येत होती!

"मामा, नंतर!"

"बरं बाई, जपानच्या राणीसाहेब," मामा हसला आणि पाहुण्यांच्या जेवणासाठी आणलेलं लाल भाताचं पातेलं घेऊन आत गेला.

आज राणीसाहेबांचं भाषण होतं. अख्ख्या शाळेतून निवडलेली ती एकटीच! विषय: परदेशी निघणाऱ्या जपान्यांमधला आपल्या बेटाचा वाटा का घटला? कंपनीचं मन वळलं तर सहली पुन्हा येणार होत्या. मामाचा डोळाही त्यावरच होता. किनाऱ्यावर रॉकेलचे पलिते फिरवत तो करायचा त्या आगीच्या नाचाला हल्ली रिकाम्या खुर्च्याच जास्त असायच्या.

मरीकिता बोलायला लागली आणि काय सुटली! जपानी नुसती घडाघडा. येन घसरला, लोक घराबाहेर पडेनात, पडलेच तर कोरिया नाहीतर तैवान गाठतात. पडद्यावर आपल्या वाट्याची रेघ घसरगुंडीसारखी खाली आली. पाहुणे माना डोलवत होते, पण हसत नव्हते. तिला तर हशा हवा होता.

"आणि आमचा तो आगीचा नाच! तुमच्या आजोबांनी मधुचंद्राला पाहिला, तोच अजून चालू आहे. तेच विनोद, नाचणाराही तोच. फक्त पोट वाढलंय!"

सभागृह खदखदून हसलं. कंपनीच्या मोरिवाकी बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अगदी खरं. सहली पाठवू आम्ही. नाच तेवढा वगळू."

टाळ्या! मरीकितानं मान वर केली, तर मागे पातेल्यापाशी मामा उभा. डाव काखेत धरून तोही टाळ्या वाजवत होता.

त्याला कुठे कळलं असेल, तिनं मनाची समजूत घातली. आणि मग तिचे कान तापले. न कळायला काय झालं? त्याच्याच मंचाच्या पायरीवर बसून, पाहुण्यांशी चाललेलं त्याचं बोलणं ऐकत ती जपानी शिकली होती. पोटावरचा विनोदसुद्धा त्याचाच होता.

ती मोरिवाकी बाईंकडे धावली. "तो नाचणारा माझा मामा आहे! नाच छान आहे हो, मी उगाच, हसवायला म्हणून..."

"मामांना किती अभिमान वाटला असेल!" बाई वाकून म्हणाल्या आणि ताटली घेऊन पुढे सरकल्या.

मरीकिता रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिनं वाकून मामाच्या हातासाठी हात पुढे केला.

"खरकटा आहे गं," मामा म्हणाला. त्यानं तिला भात वाढला. वर तळाची खरवडही घातली, तिला आवडते म्हणून. "पुढे सरक, पाहुणे थांबलेत."

ती सरकली. भाताला रॉकेलचा वास नव्हता. तिनं दोनदा हुंगून पाहिला.