फरशीवाल्या ओकेचची वाकडी सुरी

"बाबा, ह्या सुरीने तुम्ही कधी माणूस कापलाय का?"

अपोंदीने हे विचारलं तेव्हा ओकेचच्या तोंडात मक्याच्या उगालीचा घास होता. तो तसाच राहिला. तिची आई पेरेस चुलीवरून माशांचं भांडं उतरवत होती, ते तिने दाणकन खाली ठेवलं.

खरं तर प्रश्न अपोंदीचा नव्हताच. पालकसभेला ओकेच कामावरून थेट शाळेत गेला होता आणि मी त्याच्या कमरेला होते. मला बघून अख्खा वर्ग खुसफुसला. मग वर्गातल्या बेरिलने पैज लावली, "विचारून दाखव. आठवडाभर माझी मंदाझी तुझी." तळलेल्या गोड मंदाझीसाठी अपोंदी वाट्टेल ते विचारू शकते!

ओकेचने घास गिळला. "कापलाय की," तो म्हणाला. "तीनदा."

अपोंदी मागे सरकली.

"तिन्ही वेळा हाच." त्याने स्वतःचा डावा अंगठा पुढे केला.

"जेवताना असलं काय विचारतेस गं कार्टे!" पेरेस ओरडली, पण हसू तिलाही आवरेना.

मित्रांनो, ती सुरी म्हणजे मी. मी एक जुनी, वाकड्या चोचीची, व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फरश्या कापणारी सुरी आहे. त्या रात्री ओकेचने दिलेलं उत्तर अगदी खरं होतं. आता तोच प्रश्न कुणी मला विचारला, तर मला मान खाली घालावी लागते.

माझा जन्मच हाणामारीतला. आधी मी एका उसाच्या ट्रकच्या चाकांवरची कमानपट्टी होते. तो ट्रक किसुमूच्या वाटेवर उलटला, तीनदा कोलांट्या खाल्ल्या, आणि चालक काचेतून बाहेर फेकला गेला. सांगाड्यातून मला एका लोहाराने उपटून काढलं. भट्टीत घालून लालबुंद केलं, ऐरणीवर धरलं आणि घणाने असं बडवलं, असं बडवलं, की मी आडवी होते की उभी तेच मला कळेना. मग पाण्यात बुडवलं. मी किंचाळले. घारीच्या चोचीसारखं पातं आणि पेरूच्या लाकडाची मूठ घेऊन मी बाहेर आले.

दिसायला मी भयंकर आहे, हे मान्य. पण मित्रांनो, ही चोच कुणाला फाडायला नाही. व्हिनाइलची फरशी सरळ कापायला साधं पातंही चालतं. दाराच्या चौकटीभोवती, नळाभोवती, कोपऱ्यात कापायची तर टोक आत रुतवून आपल्याकडे ओढणारी वाकडी चोचच लागते. नाहीतर फट राहते, फटीत पाणी जातं, आणि सहा महिन्यांत फरशी कान टवकारते. ओकेचच्या फरशीने कधी कान टवकारले नाहीत. लोक म्हणायचे, "ओकेचच्या सांध्यात मुंगीसुद्धा शिरत नाही." असं कुणी म्हटलं की मी कमरेला उगाचच चमकायचे.

शनिवारी अपोंदी आमच्याबरोबर यायची. आधी फरश्या उचलून द्यायला, मग रेघा मारायला, आणि नववीत गेल्यावर कापायलासुद्धा. ओकेचने तिला मोजपट्टीशिवाय माप घ्यायला शिकवलं होतं. भिंतीपाशी अर्धवट जागा उरली की शेवटच्या पूर्ण फरशीवर नवी फरशी तंतोतंत ठेवायची. तिच्यावर तिसरी ठेवून भिंतीला टेकवायची. तिसरीची कड जिथे येईल, तिथे मधल्या फरशीवर रेघ ओढायची. रेघेवर लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, दाबून मला दोनदा फिरवायचं आणि काडकन मोडायचं. उरलेली जागा आणि कापलेला तुकडा सख्खे भाऊ!

"माप भिंतीला विचार," ओकेच सांगायचा. "स्वतःच्या डोक्याला विचारू नकोस. डोकं खोटं बोलतं."

आता तो शनिवार.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका केशकर्तनालयाचं काम होतं. मालकीणबाई किल्ली देऊन गावाकडे मयताला गेल्या होत्या. सकाळभर ओकेचने जुन्या फरशीवरचं लाल पॉलिश खरवडलं. हात कोपरापर्यंत लाल, सदरा लाल, नाकाचा शेंडा लाल. अपोंदी त्याला "टोमॅटोबाबा" म्हणून चिडवत होती. दुपारपर्यंत सगळी खोली झाली आणि उंबऱ्यापाशी एकच जागा राहिली. तिथे दाराची लोखंडी चौकट, तिचा पाय आणि पायरीचा कोपरा, असं तिन्हींचं त्रांगडं होतं.

ओकेचने तिथे चिकट द्रव पसरला. तो वीस मिनिटं ठेवला की घट्ट होतो, तेव्हाच फरशी बसवायची. फार वेळ ठेवला तर वाळून जातो. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की मी बोथट झालेय, कडा ओरबाडतेय.

"कोपऱ्यावर सायकलच्या चाकावर धार लावणारा आहे. गेलो नि आलो," तो म्हणाला. "तू उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस."

धारवाल्याकडे रांग होती. नंबर आला तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. त्याने मला अशी धार दिली की माझी मलाच भीती वाटली. आणि ओकेच पळत सुटला. मला हातात धरूनच.

त्याच वेळी मागच्या गल्लीत कुणीतरी एका मोटरसायकलवाल्याच्या पोटात सुरी खुपसून त्याचा फोन पळवला होता. "चोर! चोर!" असा ओरडा झाला. सवारीसाठी थांबलेले बोडावाले मोटरसायकली टाकून धावले. आणि त्यांना समोर काय दिसलं? लाल हातांचा, लाल सदऱ्याचा, वाकडी सुरी घेऊन पळणारा माणूस.

पहिला दगड ओकेचच्या पाठीत बसला. दुसरा कानाखाली. तो पडला तसे वीस-पंचवीस जण त्याच्यावर तुटून पडले. लाथा, हेल्मेटं, सायकलची साखळी. मी हातातून सुटत नव्हते, म्हणून एकाने त्याचा पंजा डांबरावर धरला आणि दुसऱ्याने त्यावर दगड आपटला. मित्रांनो, बोटं मोडताना जो आवाज येतो ना, तो फरशी मोडतानाच्या आवाजासारखाच असतो. मला तो विसरता येत नाही.

मला त्या बोडावाल्यांतल्या ओगुतुने उचललं. ज्याच्या पोटात सुरी गेली होती तो याचा जिवलग मित्र. ओगुतु रडत होता आणि शिव्या देत होता, दोन्ही एकदमच.

अपोंदी ओरडा ऐकून बाहेर आली आणि गर्दीत घुसली. "सोडा! माझे बाबा आहेत ते! फरशी बसवतात!"

"पकडला गेला की प्रत्येक चोर फरशीवालाच असतो," कुणीतरी म्हणालं.

"हात बघ त्याचे! रक्ताने माखलेत!"

"पॉलिश आहे ते! वास घेऊन बघा ना, गाढवांनो!"

कुणी वास घेतला नाही. मागून एक टायर गडगडत आला, चोराच्या गळ्यात घालून पेटवायला. पेट्रोलसाठी कुणीतरी बाटली मागितली. ओगुतु ओकेचच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि त्याने मला ओकेचच्या गळ्याला लावलं. "बोल! फोन कुठे टाकलास?" आणि बोलताना त्याचा हात थरथरला.

मी नुकतीच धार लावून आले होते. जबड्याखाली, कानापासून हनुवटीपर्यंत, मी एक लांब रेघ ओढली. आता जे लाल आलं, ते पॉलिश नव्हतं.

अपोंदी किंचाळली. तेवढ्यात कोपऱ्यावरची मासळीवाली म्हातारी, देलफिना, कोपराने लोकांना ढकलत पुढे आली. तिचा आवाज अख्ख्या बाजाराला घाबरवायचा.

"ए ओगुतु! तुझं बारसं जेवलेय मी. थांब जरा. पोरगी म्हणते फरशीवाला आहे. मग कापून दाखवू दे की एक फरशी."

"ह्या हाताने?" ओगुतुने ओकेचचा पंजा पायाने उडवला. तो लोंबत होता.

"मी कापते," अपोंदी म्हणाली.

गर्दी हसली. "बघा, चोराची पोरगी फरशीवाली!"

"उंबऱ्यापाशी एक फरशी राहिलीये," अपोंदी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तिथे तीन कोपरे आहेत. मी ती बसवते. फट राहिली तर म्हणा चोर. नाही राहिली तर बाबांना सोडायचं. बोला!"

"दे सुरी इकडे," देलफिनाने ओगुतुच्या हातातून मला हिसकावलं. "शाळकरी पोरीला घाबरतोस होय रे?"

ओकेचला त्यांनी फरपटत केशकर्तनालयाच्या दारापर्यंत आणलं. ओगुतुने त्याच्या छातीवर बूट ठेवला. टायर शेजारीच उभा. कापण्याजोग्या दोनच फरश्या शिल्लक होत्या, आणि मापापुरती एक कोपरा तुटलेली.

अपोंदी गुडघ्यांवर बसली. फरशीवर फरशी, त्यावर तिसरी चौकटीला टेकवून. रेघ ओढली. गुण्या दाबला. मी तिच्या हातात होते, आणि माझी मूठ तिच्या बापाच्या रक्ताने बुळबुळीत होती. पहिली रेघ बरोबर गेली. दुसऱ्या वेळी मी गुण्यावरून घसरले आणि फरशी भलतीकडेच चिरली.

"झालं! बघा! येतंय का काही!" ओगुतुने ओकेचच्या बरगडीत लाथ घातली. कुणीतरी बाटलीचं बूच उघडलं. पेट्रोलचा वास आला.

अपोंदी वळली नाही. तिने मला खाली ठेवलं, दोन्ही तळवे जुन्या गणवेशाच्या झग्याला खसाखसा पुसले. मग माझी मूठ पुसली. शेवटची फरशी घेतली.

आणि ओकेच जमिनीवरून बोलला. तोंडात रक्त होतं, शब्द धड फुटत नव्हता. "भिंतीला विचार, पोरी. सावकाश."

मित्रांनो, मी लोखंड आहे. पण त्या वेळी मी श्वास रोखला. तिने पुन्हा माप घेतलं. सरळ रेघा दोन, दोन्ही काडकन मोडल्या. मग चौकटीच्या पायासाठी खाच. माझी चोच रुतवली आणि केसाएवढी केसाएवढी ओढत आणली. पायरीचा कोपरा कापला. वीस-पंचवीस माणसं आणि एक टायर, सगळे एका पोरीच्या मनगटाकडे बघत होते.

तिने फरशी उंबऱ्यात ठेवून तळव्याने दाबली.

चिकट द्रव केव्हाच वाळून गेला होता. फरशी चिकटली नाही. पण बसली! चौकटीला अशी बिलगली की जणू तिथेच उगवली होती.

देलफिना वाकली. माशांची खवलं काढायच्या तिच्या पातळ सुरीचं टोक तिने सांध्यात घालून बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टोक शिरलं नाही. ती सरळ उभी राहिली आणि गर्दीकडे वळली.

"घाला रे आता टायर. आधी माझ्या गळ्यात घाला, मग त्याच्या!"

मागचे दोघे-तिघे निसटले. मग आणखी काही. बाटलीवाल्याने बूच लावलं. ओगुतुने बूट उचलला आणि निघून गेला. टायर तेवढा तिथेच पडून राहिला.

ओकेच वाचला. गळ्याला सोळा टाके पडले, दोन बरगड्या मोडल्या. उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. मोटरसायकलवालाही वाचला, आणि त्याने इस्पितळातूनच सांगितलं की त्याला मारणारा ठेंगणा आणि तरुण होता, ओकेच नव्हेच.

मला कुणीतरी एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खाटेखाली टाकलं. तिथे मी दहा दिवस पडून होते. अंधारात, माखलेली. एवढी वर्षं मी किती घरांच्या जमिनी सुंदर केल्या, आणि आता मला बघून पेरेस तोंड फिरवायची.

मित्रांनो, माझं एक ऐका. मला धार लावणारे हात पुष्कळ भेटतात. मला हातात घेण्याआधी माप घेणारे थोडेच. "चोर!" असा ओरडा ऐकलात की हातातला दगड आधी खाली ठेवा. मग जवळ जा, विचारा, वास घ्या, हात बघा. फरशी चुकीची कापली तर दुसरी मिळते. माणसाचं तसं नसतं.

काल ओगुतुच्या वस्तीतली वडीलधारी माणसं बोकड घेऊन दारात आली. चूक झाली म्हणाली. पोरं तापलेली होती, मिटवून टाका म्हणाली. ती गेल्यावर रात्री चार मोटरसायकली घरासमोर आल्या आणि नुसत्याच गुरगुरत उभ्या राहिल्या. मग खिडकीतून एक वीट आत आली. अपोंदीच्या उशीवर पडली. अपोंदी तेव्हा अंगणात होती म्हणून बरं.

आज संध्याकाळी पेरेसने मला खाटेखालून काढलं. बादलीत पाणी घेतलं, राख घेतली, तारेची घासणी घेतली.

"काय करतेस, आई?"

"धुऊन तळ्यात टाकते. पुरे झालं हे. बोकड घेतलाय आपण."

"धुवू नकोस."

"अपोंदी, ते लोक रोज ह्याच रस्त्याने जातात," ओकेच खाटेवरून म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगरा आहे. "मी जिवंत आहे ना? मग झालं तर."

अपोंदीने आईच्या हातातून मला अलगद घेतलं, देलफिनाने हिसकावलं होतं तसं मुळीच नाही. मला पुन्हा पिशवीत ठेवलं, रक्तासकट, आणि पिशवीला गाठ मारली. मग ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"तुम्ही जिवंत आहात, कारण मला फरशी कापता येते," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी ते ज्याला पकडतील, त्याच्या मुलीला नाही आली तर? आई, बाबा, माझं ठरलंय. बोकड परत जाईल. उद्या शाळेआधी मी पोलीस चौकीवर जाणार, ओगुतुचं नाव सांगणार आणि ही सुरी त्यांच्या टेबलावर ठेवणार. तुम्ही आलात तर बरं वाटेल मला. नाही आलात तर मी एकटी जाणार."