तुलना कुणाची कुणाशी

"थांब, पाठवू नकोस," व्हर्ना म्हणाली. "तक्ता चुकलाय."

कर्टिसचं बोट बटणावरच होतं. सकाळचे साडेनऊ झाले होते, काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, सभा एक वाजता होती, आणि अहवालासाठी तिथल्या बाईंचे दोन फोन येऊन गेले होते. आकडे आपण दोनदा तपासलेत, असं तो जरा चिडूनच म्हणाला.

"आकडे बरोबर आहेत रे. तुलना चुकलीय."

व्हर्ना स्टेनरूड सत्तावीस वर्षं डुलुथ शहरातल्या या लहानशा सर्वेक्षण कंपनीत तक्ते करत होती. फोन करून प्रश्न विचारणारे वेगळे, अहवाल लिहून मिरवणारे वेगळे. मधल्या मधे आकड्यांना रांगेत बसवायचं काम तिचं. चर्चच्या जेवणात कुणी "काय करता?" विचारलं आणि तिनं सांगितलं, की समोरचा लगेच हवापाण्याच्या गोष्टींकडे वळायचा. नवरा होता तोवर तोही "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून मोकळा व्हायचा. पण टक्केवारीच्या आकड्याखाली जे बारीकसं अक्षर उमटतं, त्याच्यावर तिचा भारी जीव. तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याला ए, बी, सी असं नाव असतं; दोन रकान्यांतला फरक खरा असेल तर मोठ्या आकड्याखाली दुसऱ्या रकान्याचं अक्षर येतं. नुसता योगायोग असेल तर काहीच येत नाही. सारं शहर हॉकीच्या गोलवर उड्या मारतं, व्हर्ना या अक्षरावर.

या वेळी तर त्या अक्षरांवर तीन गावांच्या व्हॅन अवलंबून होत्या. नॉर्थ बेंड, पाईन हार्बर आणि एल्कविक इथल्या लोकांना डुलुथच्या दवाखान्यात आणणाऱ्या या गाड्या काउंटीला परवडत नव्हत्या. तेव्हा असं ठरलं होतं, की गाडीअभावी डॉक्टरची वेळ चुकण्याचं प्रमाण ज्या गावात तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांचं खरोखर जास्त निघेल, त्या गावची व्हॅन चालू राहील. बाकीच्या जूनपासून बंद. एल्कविकला व्हर्नाची थोरली बहीण आर्डिस राहायची. वय चौऱ्याहत्तर, डोळे अधू, गाडी चालवणं सुटलेलं. व्हर्नाला ती व्हॅन हवी होती, मनापासून हवी होती, आणि हे कर्टिसलाही माहीत होतं.

कर्टिसच्या तक्त्यात एकही अक्षर नव्हतं. "कुठेही फरक नाही," असं त्यानं अहवालात लिहूनही टाकलं होतं. म्हणजे तिन्ही गाड्या गेल्याच.

व्हर्नानं खुर्ची ओढली. तक्त्यात गावाच्या पोटात वय होतं: प्रत्येक गावाखाली दोन रकाने, एक तरुणांचा, एक म्हाताऱ्यांचा. ए-बी, सी-डी, ई-एफ. चार महिन्यांपूर्वी आणलेल्या नव्या संगणक-प्रणालीनं आपल्या मनानं या गावचे म्हातारे त्या गावच्या म्हाताऱ्यांशी ताडून पाहिले होते.

"तिन्ही गावचे म्हातारे सारखेच अडलेले," ती म्हणाली. "त्यांच्यात कसला फरक निघणार? आपल्याला एकाच गावचे तरुण आणि म्हातारे ताडून पाहायचे होते. ए-बी, सी-डी, ई-एफ. दुसरं काही नाही."

हे ती आत्ता सुचलं म्हणून सांगत नव्हती. कुणाची तुलना कुणाशी करायची, हे पहिला फोन लागण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांनी सही करायची, ही तिनंच पाडलेली रीत होती. जानेवारीतला तो कागद तिनं खणातून काढून पुढे ठेवला. कर्टिसची सहीसुद्धा होती त्यावर. ती बघून तो कानापर्यंत लाल झाला, आणि व्हर्नाला त्याही घाईत हसू आलं. तिनंच तर त्याला हे काम शिकवलं होतं.

मग दोघं भिडले. ती जोड्या सांगत गेली, तो भरत गेला. प्रणालीनं एकदा हट्ट धरला, दोनदा चूक दाखवली, तिसऱ्यांदा मुकाट्यानं चालली. व्हर्ना खुर्चीच्या अगदी टोकावर आली होती. बासष्टाव्या वर्षी असं पोरीसारखं व्हावं याची तिला लाजही वाटली आणि मजाही.

नॉर्थ बेंड. बीखाली ए. कर्टिसनं टेबलावर थाप मारली. पाईन हार्बर. डीखाली सी. आता व्हर्ना उभीच राहिली होती.

एल्कविक. तरुण अठरा टक्के, म्हातारे एकोणतीस टक्के. एफखाली काहीच नव्हतं.

तिनं पुन्हा चालवून पाहिलं. तेच. गाव लहान, उत्तरं देणारे मोजून अठ्ठावन्न म्हातारे. एवढ्या थोड्या माणसांत अकरा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो.

कर्टिसनं खुर्ची तिच्याजवळ सरकवली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "एफची तुलना तिन्ही गावांतल्या सगळ्या तरुणांशी करूया. माणसं वाढतील. अक्षर नक्की येईल."

येईल, हे तिला त्याच्याआधी कळलं होतं. मनातल्या मनात तिनं तो हिशेबही करून पाहिला होता.

"कागदावर तसं लिहिलंय?"

"नाही. पण तशी तुलना काही खोटी नाही, व्हर्ना. तुमच्या बहिणीचा तरी विचार करा."

"तोच करतेय मघापासून," ती म्हणाली. "उत्तर बघून जोडीदार शोधायला लागलो, तर कुणाचंही अक्षर आणता येतं. मग पहिल्या दोन गावांच्या अक्षरांवर तरी काउंटीनं का विश्वास ठेवावा? पाठव असाच."

फक्त तक्त्याखाली तिनं एक टीप घातली: एल्कविकमध्ये उत्तरं फार थोडी; 'फरक नाही' असा याचा अर्थ होत नाही. साडेअकराला अहवाल गेला. अडीच वाजता बाईंचा फोन आला. दोन गाड्या वाचल्या होत्या. टीप वाचली होती, पण नियम तो नियम.

ऑफिसात आनंदीआनंद झाला. कर्टिसनं आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून लेमन बार्स आणले. व्हर्नानं दोन खाल्ले. खरंच खूश होती ती; दोन गावांतल्या अनोळखी म्हाताऱ्यांना तिनं सकाळभरात गाडी परत मिळवून दिली होती. मग ती टेबलापाशी आली आणि तिनं एल्कविकला फोन लावला.

आर्डिसला बातमी कळली होती. "जाऊ दे गं, व्हर्नी. गाडी होती तेव्हा होती."

"तुला आमच्याकडनं फोन आला होता का? प्रश्न विचारायला?"

"आला होता की. चांगली होती बाई बोलायला. गाडी नाही म्हणून डॉक्टरची वेळ कधी चुकली का, म्हणाली. मी म्हटलं, छे, माझं छान चाललंय."

"आर्डिस, नोव्हेंबरात व्हॅन भरली होती आणि तुझी डोळ्याची दोन इंजेक्शनं चुकली."

"चुकली ना. म्हणून काय परक्या बाईपुढे रडगाणं गायचं? आमच्या कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना आले फोन. सेल्माला, इंगाला, बोर्गहिल्डला. एकीनंही कुरकुर केली नाही." तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

बहिणीवर ओरडावं, रडावं, की अठ्ठावन्न माणसांना पुन्हा फोन लावावेत, व्हर्नाला कळेना. समोर पडद्यावर तक्ता होता. तिनं तो बंद केला.

"पुढचं इंजेक्शन कधी आहे?"

"गुरुवारी सव्वानऊला. पण व्हॅन आहे मे महिन्यापर्यंत."

"त्यानंतर मी येत जाईन."

"काही नको. तुझी नोकरी आहे."

"येत जाईन म्हणते ना."

"उगाच तासभर गाडी हाकायची. माझं छान चाललंय."

एल्कविकचं माणूस आधी दोनदा नाही म्हणतं, खरं काय ते तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतं. तिथंच वाढलेल्या व्हर्नाला हे काय सांगायचं? सर्वेक्षणात मात्र प्रश्न एकदाच विचारतात.

"आर्डिस," तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "येऊ ना मी?"

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आर्डिस म्हणाली. "कॉफीचा थर्मास मी भरून ठेवीन."