डावा गुडघा

जेथ्रो ॲशवर्थनं टोपलीतलं एक लिंबू उचललं, चाकू बाजूला सारला आणि कान टवकारले. बाहेरच्या फरशीवर काठी वाजत होती. टक, पाऊल, टक, पाऊल. आला सोंगाड्या, तो मनाशी म्हणाला.

एनॉक टॅटर्सल आत आला. अंगावर इस्पितळातल्या जखमी शिपायांचे निळे कपडे, गळ्यात लाल टाय. दोन वर्षांपूर्वी क्लबच्या याच खोलीतून तो फुटबॉलला डाव्या बगलेला खेळायला उतरायचा आणि सगळं गाव त्याच्या नावानं घसा फोडायचं. क्लब त्याला खेळायचा पगार द्यायचा आणि जेथ्रोला त्याच्या पायांना तेल चोळायचा. अकरा वर्षं चोळलं.

"या, लाटसाहेब," जेथ्रो म्हणाला. "बसा."

एनॉक हसला आणि बाकावर टेकला. त्या हसण्यानंच जेथ्रोचं पित्त खवळलं.

राग जुना होता. लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात, सामन्याच्या मध्यंतराला, हाच एनॉक मैदानाच्या मधोमध उभा राहून ओरडला होता की मी निघालो, माझ्यामागं कोण येतो बोला. चाळीस पोरं कठडे ओलांडून धावली होती. त्यांत जेथ्रोचा एकुलता एक मुलगा क्लेम. स्टेशनवर एनॉकनं जेथ्रोच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, जिथं मी तिथं क्लेम. आता क्लेम तिकडं फ्रान्सच्या चिखलात आणि हे महाराज महिनाभर इथं मटण हाणतायत.

म्हणे गुडघा. असले गुडघे जेथ्रोनं ढिगानं पाहिले होते. अवघड सामन्याच्या आदल्या दिवशी धरायचे आणि रविवारी सुटायचे. तरी एनॉकवर त्यानं संशय घेतला नसता. पण मंगळवारी गॅसच्या कारखान्यामागच्या बोळात त्यानं याला पाहिलं. काठी काखेत, आणि भिंतीच्या कडेनं ताठ चालतोय, सरळ, जावई चालावा तसा. कुणी बघत नाही अशी खात्री करून पुन्हा माघारी. जेथ्रोच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. उद्या शुक्रवारी लष्करी डॉक्टर एनॉकला तपासणार होता, आणि या पायांचं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक, दोन ओळी लिहून द्या, असा डॉक्टरचा निरोप आला होता. दोन ओळी आज सकाळीच गेल्या होत्या. गुडघा ठणठणीत आहे, खुशाल पाठवा.

आता फक्त चोर पकडायचा राहिला होता. जेथ्रोनं लिंबू हातातून निसटू दिलं.

एनॉकच्या समोरून घरंगळत जाणारी वस्तू आजवर कधी सुटली नव्हती. चर्चमध्ये पाद्र्याच्या हातून पडलेलं नाणं त्यानं चालू प्रार्थनेत डाव्या बुटाखाली दाबलं होतं. आताही डावा पाय आपसूक पुढं झाला. आणि अर्ध्यातच अडकला. ना पुढं, ना मागं. लिंबू त्याच्या बुटाला चाटून न्हाणीच्या टाकीखाली गेलं.

एनॉकनं दात आवळले. कपाळावर मात्र घाम फुटला होता.

जेथ्रो खाली बसला. त्यानं गुडघा दोन्ही हातांत धरून हलकेच वळवला. सांध्यात काहीतरी सुटं झालं होतं, बोटांखालून सरकलं आणि पाय मोकळा झाला. हे सोंग नव्हतं. हाताला खोटं कळत नाही असं कधी झालं नव्हतं, पण सकाळी त्यानं हात लावलाच नव्हता.

"मंगळवारी बोळात काय करत होतास?" त्यानं विचारलं.

"पाहिलंत होय?" एनॉक ओशाळला. "सराव. डॉक्टरसमोर वीस पावलं सरळ टाकायचीत. पंधरापर्यंत जमतं."

एनॉक पुढं वाकला.

"काका, तुमच्याकडं त्यासाठीच आलो. डॉक्टर तुमचं ऐकेल. पाय बरा आहे एवढं लिहून द्या. चाळिसांतले एकोणीस उरलेत तिकडं. क्लेमला रात्रीची झोप नाही. मी शेजारी असलो की डोळा लागतो त्याचा. येतो म्हणून सांगून आलोय त्याला."

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा मिनिटं होती. चारची ट्राम धरली तर डॉक्टरला गाठून चिठ्ठी मागं घेता आली असती. या पायानं खंदकातून वर चढणारा माणूस पहिल्याच पायरीला अडकेल, हे जेथ्रोला लख्ख कळत होतं. हातातला गुडघा त्यानं तसाच धरून ठेवला.

"चिठ्ठी गेली," तो म्हणाला. "सकाळीच."

"काय लिहिलंत?"

"ठणठणीत."

 एनॉकनं जेथ्रोचा तेलकट हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

"न सांगता ओळखलंत तुम्ही. मला वाटलं होतं, रागावला असाल माझ्यावर."

जेथ्रोची मान खालीच राहिली. कोपऱ्यावर चारची ट्राम थांबली, घंटा वाजली, ट्राम गेली. त्यानं बाटलीचं बूच काढून तळहातावर तेल घेतलं आणि चोळायला सुरुवात केली.

"दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "चढताना उजवा पाय आधी टाक. बोलत बोलत चढ, म्हणजे डॉक्टर तोंडाकडं बघेल."