कोळसेदऱ्याचा शाप

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मूळबाबा डोळे मिटून डुलत होते. त्यांचा सेवक काळ्या, खडबडीत दगडाची फरशी दोन्ही हातांत धरून रांगांमधून लगबगीने फिरला. "बघून घ्या, कोरी आहे! हात लावू नका, पूर्वज विटाळतात!" मग बाबांनी सुरईतलं पाणी फरशीवर ओतलं. दगड भिजून काळाभोर झाला आणि त्यावर पांढुरकी अक्षरं उमटली. पहिल्या रांगेतल्या शिंप्याने आपल्या खापरपणजोबांचं नाव वाचलं आणि तो लहान मुलासारखा हमसून रडू लागला.

"भट्टीकर!" बाबांनी डोळे उघडले. "चुना भाजणारी ती जमात तुम्ही विसरलात. गावाने त्यांना त्यांच्याच भट्ट्यांत जाळलं. वाचली ती लेकरं म्हणजे तुमचे पूर्वज. आज तुमची दुखणी का हटत नाहीत? औषध लागतं शरीराला, शाप लागतो मुळाला. पानांवर फवारा मारून मूळ बरं होतं का?"

"नाही!" सभागृह ओरडलं.

शेवटच्या रांगेत दप्तरताई हाताची घडी घालून बसली होती. कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि उरलेला वेळ दप्तरखान्यात जुनी कागदपत्रं उपसण्यात घालवायची, म्हणून हे नाव. भट्टीकरांचा माग गावात पहिल्यांदा काढला तो तिनेच. भट्टीआळीत भट्टी नाही, राखटेकडीवर राख नाही, मग ही नावं आली कुठून, या एका प्रश्नापायी तिने कित्येक वर्षं धूळ खाल्ली होती. बाबा मात्र आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले होते.

तेवढंच असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी दादाने, तिच्या सख्ख्या भावाने, आईला याच व्यासपीठावर आणलं होतं. आईच्या हृदयाच्या गोळ्या बाबांनी इथल्याच कुंडात ओतायला लावल्या, आणि महिना उलटायच्या आत आई गेली. बाबा सांत्वनाला आले. चहा घेतला, वर म्हणाले, "श्रद्धा कमी पडली हो आईंची."

त्या वाक्यासाठी दप्तरताई इथे आली होती. तिला न्याय वगैरे नको होता. सूड हवा होता, आणि तोही चारचौघांत.

आता दादा वहिनीचा हात धरून व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होता. वहिनीला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या. तीच गोळ्यांची बाटली दादाच्या दुसऱ्या हातात होती. वहिनी मान खाली घालून अंग मागे मागे ओढत होती, पण दादाला ते दिसत नव्हतं.

"तुमच्या घराण्याचा शाप जुना आहे," बाबा म्हणाले. "आई घेतली, आता सून मागतोय. आज मूळ कुटुंबच बोलावतो."

सेवकाने नवी फरशी फिरवली. पाणी पडलं. अक्षरं उमटली, आणि बाबांनी ती गळा काढून वाचली, "भुरोजी... सावळाई... रंगोजी... आणि लहानगी धाकलाई! अरेरे! कोळसेदऱ्यात कोंडून जाळलं रे यांना! भुरोजी रडतोय. दुधासाठी रडतोय!"

सभागृहात हुंदके फुटले. दप्तरताईचं लक्ष फक्त दादाच्या चेहऱ्यावर होतं.

"कोण?" त्याने विचारलं.

"भुरोजी! तुमचा मूळपुरुष!"

"दुधासाठी रडतोय?"

"टाहो फोडतोय!"

मधल्या रांगेतून त्यांची म्हातारी शेजारीण तरातरा उठली. "अगं बाई, भुरोजी म्हणजे तुझ्या आईचा बोका ना रे? मेल्याने माझं पातेलंभर दूध संपवलं होतं! मूळपुरुष कसला डोंबलाचा!"

कुणीतरी फिसकन हसलं. दप्तरताई उठून व्यासपीठाकडे चालू लागली. हातात पिशवी होती.

"बोका भुरोजी, मांजर सावळाई, त्यांची पिल्लं रंगोजी आणि धाकलाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आमची आई मांजरांना अशीच भारदस्त नावं ठेवायची. आणि कोळसेदरा कुठल्याही नकाशात नाही. आमच्या मोरीमागे कोळशाची अंधारी खोली होती, तिला आई कोळसेदरा म्हणायची. तिथे कुणी जळालं नाही, बाबा. तिथे सावळाई व्यायली."

आता सभागृह खदखदा हसलं. शिंपी मात्र हसला नाही. "मग ताई, माझ्या खापरपणजोबांचं नाव खरं कसं निघालं?"

"कारण ते मी शोधलं होतं, काका. दप्तरखान्यात आम्ही गठ्ठा परत करताना वाचल्या जागी खूणचिठ्ठी ठेवतो, कोण सापडलं ते तिच्यावर लिहून. म्हणजे पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात. हे सेवकमहाराज मी उठले की माझाच गठ्ठा मागायचे आणि माझ्या चिठ्ठ्या उतरवून घ्यायचे. मूळ कागद कधी उलगडून बघितला नाही. मग मी एका चिठ्ठीवर आमची मांजरं लिहिली, ठिकाण कोळसेदरा. आमच्या घराण्याच्या नावाने."

सेवक दाराकडे सरकला. दारात शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

बाबा मुरलेले होते. "अज्ञानी मुली! पूर्वज कुठलंही रूप घेतात. मार्जाररूपही घेतात! पण अक्षरं? अक्षरं उमटली की नाही?"

"उमटली," दोघंतिघं पुटपुटले. गर्दी पुन्हा डुलू लागली.

दप्तरताईने पिशवीतून तशीच काळी फरशी आणि मेणबत्ती काढली. मेणबत्तीने फरशीवर काहीतरी खरडलं आणि फरशी उचलून धरली. लांबून कोरीच दिसत होती. मग तिने बाबांचीच सुरई उचलून पाणी ओतलं. मेण पाणी धरत नाही. आजूबाजूचा दगड भिजून काळा पडला आणि मेणाखालचा कोरडा दगड फिकाच राहिला. सगळ्यांनी वाचलं: औषध घ्या.

"घ्या, पूर्वजांचा ताजा आदेश," ती म्हणाली. "सेवकाची नखं बघा. मेण भरलेलं आहे."

"ही नास्तिक तुमच्या श्रद्धेवर घाव घालते आहे!" बाबा गरजले.

तेव्हा दादा पुढे झाला. त्याने बहिणीच्या हातातली फरशी घेतली, उलटी केली आणि कोरी बाजू बाबांसमोर धरली.

"माझ्या आईचं नाव उमटवा," तो म्हणाला. "आत्ता. तुमच्याच पाण्याने. एवढं करा, मी जन्मभर तुमचे पाय धरीन."

बाबांनी सेवकाकडे बघितलं. सेवकाने खाली बघितलं. दादाने स्वतःच पाणी ओतलं. दगड काळा झाला, सगळा काळा झाला. पाणी निथळून त्याच्या पायांवर गळत राहिलं.

वहिनीने त्याच्या मुठीतून बाटली सोडवून घेतली. एक गोळी तोंडात टाकली आणि सुरई वर करून बाबांच्याच पाण्याचा घोट घेतला.

"चौकीत जायचंय," दादा बहिणीला म्हणाला. "गोळ्या ओतायला यांनी सांगितलं, हे मी सांगतो. ओतल्या मी, हेही सांगतो."

दप्तरताई बाबांच्या अगदी जवळ गेली. वर्षभर साठवून ठेवलेलं वाक्य तिने हळूच म्हटलं. "श्रद्धा कमी पडली हो तुमची."

मग ती लोकांकडे वळली. "भट्टीकरांना कुणी जाळलं नाही. कागदांत त्यांची भांडणं आहेत, वाळत घातलेले कपडे धुराने काळे होतात म्हणून. चुनखडक संपला तशा भट्ट्या विझल्या. कुणी गवंडी झालं, कुणी शिंपी. ते तुमच्यातच आहेत, आणि पोटापाण्याच्या धबडग्यात शाप द्यायला त्यांना फुरसत नव्हती. आपले पूर्वज कोण हे जरूर विचारा, पण पुरावा मागा. आणि दुखलं तर डॉक्टरकडे जा."

तिचं समाधान झालं का? झालं, चांगलं झालं. पण भट्टीआळीतून चौकीकडे जाताना दादाने विचारलं, "भुरोजीही त्याच खोलीत जन्मला होता का गं?" आणि तिला एकदम रडू आलं. ते सांगायला आता आई नव्हती, आणि कुठल्याही दगडावर कितीही पाणी ओतलं तरी ती परत येणार नव्हती. वहिनी मात्र त्यांच्या दोघांच्या मधून, बाटली घट्ट धरून, चालत होती.