दोन्ही फुप्फुसं स्वच्छ

आमच्या ऑफिसात आता कुणी टाइप करत नाही. अमेरिकेतला डॉक्टर तिकडे पेशंटचा रिपोर्ट बोलतो, मशीन ऐकतं, मशीनच लिहून काढतं, आणि आम्ही तांदळातले खडे वेचावेत तशा त्यातल्या चुका वेचत बसतो. नवीन मुलींना हे फार आधुनिक वाटतं. वाटू दे बापड्यांना. मला मात्र आमच्या इलोइलो शहरातलं ते जुनं ऑफिस आठवतं. कानात इयरफोन, पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं-चालवायचं पेडल, हॉलभर कीबोर्डचा तडतडाट. आठवलं की हुरहूर लागते, कारण तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी बहीण बसायची. आता ती समुद्रापलीकडे बाकोलोदला असते आणि व्हिडिओ कॉलवर नातवंडं दाखवते.

सालबिंग माझ्याहून मोठी. थोरल्या बहिणीला आम्ही मानांग म्हणतो. नोकरी तिनेच लावली, काम तिनेच शिकवलं. डॉक्टर लोक दिवसभर तीच तीच वाक्यं बोलतात, हे तिने आल्या आल्या ओळखलं होतं. मग दर वेळी अख्खं वाक्य का बडवत बसायचं? कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. त्यात वाक्य एकदा भरून ठेवायचं आणि त्याला दोन-तीन अक्षरांचा शॉर्टकट द्यायचा. पुढे तेवढी अक्षरं मारून स्पेसबार दाबला की अख्खं वाक्य धाडकन समोर उभं. मानांगने असे ढिगाने शॉर्टकट केले आणि माझ्याही मशीनवर भरून दिले.

एकावरून मात्र आमचं वाजलं. एल, एन, जी.

"हे मारलं की 'दोन्ही फुप्फुसं स्वच्छ, श्वासाचा आवाज नेहमीसारखा'," ती म्हणाली.

"अगं मानांग, पण एलएनजी म्हणजे 'लांग'! मोबाइलवर सगळं गाव तसंच लिहितं. मी कुणाला 'ओके लांग' लिहायला गेले तर फुप्फुसं बाहेर पडतील की!"

"मग शहाण्यासारखं पूर्ण लिही. ऑफिसच्या मशीनवर मोबाइलची भाषा कशाला? हाताला जरा वळण लाव."

'ओके लांग' हे आमचं ठरलेलं उत्तर. म्हणजे बरंय आपलं, विशेष काही नाही. वादळात छप्पर उडू दे, नोकरी जाऊ दे, नवरा पळून जाऊ दे, इलोइलोचा माणूस 'ओके लांग' म्हणतो आणि समोरच्याला जेवायचा आग्रह करतो.

माझ्या हाताला वळण लागलं. ऑफिसच्या मशीनवर मी 'लांग' नेहमी पूर्ण लिहायला लागले. फजिती झाली आमच्या ऑफिसातल्या जोनारची. त्याने हौसेने मानांगचे शॉर्टकट उचलले आणि रुसलेल्या मैत्रिणीला 'जोक लांग', म्हणजे नुसती गंमत केली गं, असं लिहायला गेला. तिच्याकडे 'जोक, दोन्ही फुप्फुसं स्वच्छ' असं पोचलं. तिने त्याला कायमचं सोडलं. आम्ही मात्र बाचोय सूपच्या वाडग्यात नूडल्स थंड होईपर्यंत हसत बसलो होतो. असं हसणं पुढे त्या ऑफिसात झालं नाही.

मग मानांग कुवेतला गेली, एका घरी मुलं सांभाळायला. शेजारची खुर्ची रिकामी झाली. मी मधल्या सुट्टीत तिला ईमेल लिहायचे, ती मालकिणीच्या कॉम्प्युटरवरून उत्तर द्यायची.

त्यातच तातायचा खोकला बळावला. आमचे वडील जन्मभर हारोच्या रस्त्यावर जीपनी, म्हणजे आमच्याकडची प्रवासी जीप, चालवत आलेले, धूर खात आणि धूर ओढत. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. दिवसभर परक्या देशातल्या माणसांची फुप्फुसं स्वच्छ लिहायची आणि घरी येऊन बापाचा श्वास ऐकायचा, असं माझं सुरू झालं. मानांगचा करार नाताळनंतर संपणार होता. तातायना नाताळ बघायला मिळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"सालबिंगला काही कळवायचं नाही," ताताय म्हणाले.

"ती विचारते हो, ताताय."

"विचारू दे. अशी मधेच पळून आली तर परत घेतील का तिला ते? 'ओके लांग' लिही. एवढं तरी येतं ना तुला? ऑफिसात बसतेस म्हणे."

मी लिहीत गेले. ताताय ओके लांग, आज भात खाल्ला. ताताय ओके लांग, कोंबड्यांवर ओरडत होते. दर वेळी सगळी अक्षरं घालून, नीट. खोटं बोलतानासुद्धा मानांगची शिस्त मोडत नव्हते.

एका सकाळी तातायच्या तोंडातून रक्त पडलं. मी तस्त धरून उभी होते. तोंड पुसून ते म्हणाले, "इंदाय, बघतेस काय, जीपनी निघून जाईल तुझी." धाकट्या मुलीला आमच्याकडे इंदायच म्हणतात. मी कामावर गेले. सुट्टीत मानांगचा ईमेल आलेला होता. ताताय कसे आहेत, फोनवर आवाज बसलेला वाटला. मी चार शब्द मारले आणि पाठवून दिले. टाइप करणाऱ्या माणसाचं लक्ष कानाकडे असतं, स्क्रीनकडे नसतं, आणि त्या दिवशी माझं कशाकडेच नव्हतं.

तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कामात असेल म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही.

रविवारी दुपारी फाटकाशी तीनचाकी थांबली आणि मानांग उतरली. हातात एकच पिशवी. आखातातून माणूस येतं ते भलं मोठं खोकं घेऊन, चॉकलेटं, साबण, सगळ्या गल्लीला पुरेल एवढं. शेजारणी कुंपणावरून बघायला लागल्या.

"मानांग! तू कशी काय?"

"तूच तर कळवलंस."

"मी? मी तर ओके लांग लिहिलं होतं!"

"'ताताय ओके, दोन्ही फुप्फुसं स्वच्छ, श्वासाचा आवाज नेहमीसारखा.' हे लिहिलंस. आधी हसले मी. म्हटलं, धांदरट ती धांदरटच. मग पुन्हा वाचलं. माझी इंदाय त्या मशीनवर कधी तोकडं लिहीत नाही, मीच वळण लावलंय. आज तोकडं लिहिलं म्हणजे हिचे हात ठिकाणावर नाहीत. आणि हात ठिकाणावर नसताना ओके लांग लिहितेस? मला काय कुवेतची समजलीस? मालकिणीला म्हटलं, ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा, मी चालले."

मला रडू फुटलं. तिने माझ्या हातात पिशवी कोंबली आणि आत गेली.

ताताय खिडकीजवळच्या बांबूच्या बाजेवर पडलेले होते. घरी आलं की थोरल्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा, ही आमची रीत. मानांग गुडघ्यावर बसली आणि तिने तो वाळका हात उचलून कपाळाला लावला. त्यांनी डोळे उघडले. आधी मी दिसले.

"सांगितलंस ना? पोटात काही राहत नाही तुझ्या!"

मग ती दिसली.

"आणि तू गं? अक्कल तिकडेच ठेवून आलीस? चालती नोकरी टाकून कुणी येतं का? उद्याच्या उद्या परत जायचं. ऐकतेस का?"

"हो, ताताय."

"नुसतं हो म्हणू नकोस. आणि रोडावलीस किती! तिकडे खायला देत नव्हते का?"

बोलता बोलता त्यांना धाप लागली. थांबले, श्वास गोळा केला आणि पुन्हा सुरू झाले. विमानाच्या भाड्यावरून बोलले, शेजारणींवरून बोलले, आमच्या आईने आम्हाला लाडावून ठेवलं त्यावरून बोलले. मानांग मान खाली घालून ऐकत होती. एवढं सगळं बोलले, पण तिच्या कपाळावरचा हात त्यांनी काढला नाही.