कवडूला सुराचे तीन

कवडूने तोंड उघडले आणि देवरावांनी पेन्सिल उचलली. पहिलाच सूर पेटीच्या काळी दोन पट्टीच्या खाली उतरला होता. तो उतरणार हे त्यांना ठाऊक होते, आणि उतरला तेव्हा त्यांना बरे वाटले.

ते एकोणसत्तर साल. तांडापेठेतल्या कोष्ट्यांनी भजनस्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक देवराव होते. एकेकाळी तेही मागावर बसत. पण तरुणपणी सीताबर्डीवरच्या एका गुरुजींकडे त्यांनी बारा वर्षे पेटी घोटली, तेव्हापासून मोहल्ल्यात गाण्यातले कळणारा माणूस म्हटले की देवरावच. कवडू त्यांचा शेजारी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, धोटा फेकत तो दिवसभर गात असे. देवराव त्याला रेकणे म्हणत.

त्याच्या रेकण्याचेही देवरावांना एवढे नव्हते. त्यांना डाचत होती रुखमाबाई. त्यांची बायको सुताच्या कांड्या भरता भरता कवडूची भजने गुणगुणायची. सव्वीस वर्षांच्या संसारात देवरावांच्या पेटीतले काही तिच्या ओठांवर आले नव्हते.

आत्ता ती बायकांत पुढेच बसली होती. दुसऱ्या ओळीत कवडू मध्येच थांबला. ढोलकीवाला पुढे निघून गेला, गोंधळला, परत आला. देवरावांनी कागदावर लिहिले, तालभंग. कवडूने पुढचा शब्द उचलला तेव्हा दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला होता. रुखमाबाईनेही.

देवरावांनी सुराच्या रकान्यात दहापैकी तीन लिहिले. आधी गायलेला महाल भागातल्या मंडळाचा गायक अंतऱ्यात असाच घसरला होता; त्याला त्यांनी सात दिले होते. पेन्सिल जराशी अडली. मग त्यांनी तोच तीन पुन्हा ठळक गिरवला.

बक्षिसाची ढाल महालवाल्यांना गेली. कोणी कुरकुरले नाही. देवरावांनी दिलेले गुण, त्यात काय बोलायचे? उलट कवडूच येऊन पाया पडला.

"बराबर केलं जी. सा कोन अन् रे कोन, माही त दोघायसंगबी ओळख नाही."

"रियाज कर गा," एवढेच देवराव म्हणाले.

घरी जाताना वाटभर ते बायकोला समजावत राहिले. चव ज्याची त्याची असते, पण सुराला माप असते. नऊवारी कोणीही मोजली तरी नऊच वार भरते; तसेच हे. रुखमाबाई मान हलवत चालली होती. शेवटी त्यांच्याने राहवले नाही.

"तो थांबला तवा तू रडून काहून राहिली होती वं?"

"धागा तुटला असन न जी त्याचा," ती म्हणाली. "मागावर धागा तुटला का माहा बापबी असाच थांबे. गानं तोंडात तसंच धरून बसे. आमी पोरी चूप. वाटे, सांधते का नाही. सांधला का मंग पुढचं म्हने."

तिचा बाप जाऊन वीस वर्षे झाली होती. देवरावांनी विचारले,

"अन् मी वाजवतो तवा?"

रुखमाबाईने विचार केला. नवऱ्याला बरे वाटेल आणि खरेही असेल असे तिला काही शोधायचे होते.

"तुमचं काही चुकत नाही जी," ती म्हणाली.

घरी येताच देवरावांनी पेटी पुढ्यात ओढली. कवडूचीच ओळ वाजवायला घेतली, स्वच्छ, काळी दोनमध्ये. तो थांबला त्या शब्दाशी तेही थांबले. भाता धरून ठेवला. काहीच मोजायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. पण आत मात्रा चालूच होत्या. चार भरल्या आणि बोट आपणहून समेवर पडले.

त्यांनी पुन्हा थांबून पाहिले. पुन्हा चारच.

"भाकर टाकू का जी?" रुखमाबाईने चुलीपासून विचारले.