कोमट खडा

सासूबाईंनी पुण्याहून फोनवर मोजकंच सांगितलं होतं. "यंदापासून गौरी तुझ्याकडे, सुनीती. सकाळी नऊच्या आत खडे उचल." तिथले नऊ म्हणजे न्यूझीलंडचे दुपारचे साडेतीन, हे गणित तिच्या नवऱ्याने, प्रसादने, चुटकीसरशी केलं. पण त्या साडेतीनला आपण वेलिंग्टनहून ऑकलंडला परतताना ऐन डेझर्ट रोडवर असू, हे काही त्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही.

तीन वाजता सुनीतीने गाडी थांबवायला लावली. चहूकडे करडी रेती, खडी आणि वारा. पलीकडे बर्फाचे डोंगर. पण रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक ओहोळ वाहत होता. पाणी आहे म्हणजे गौर आहे, असं तिने ठरवून टाकलं.

त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे उचलायचे, तोंडात पाण्याची चूळ धरून, आणि ते डब्यात ठेवीपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. पहिल्याच वर्षी काही चुकलं असतं, तर सासूबाई एका शब्दाने बोलल्या नसत्या, आणि सुनीतीला त्याचीच धास्ती होती.

"मम, व्हाय कान्ट यू टॉक?" आठ वर्षांची ईशा मागोमाग विचारत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम इंग्रजीत. आपल्यानंतर हिच्या घरी कुठली गौर येणार, असं मनात येऊन सुनीती खाली वाकली.

चार खडे मिळाले. मग एका खळग्यात तीन एकत्र दिसले, करडे, काळ्या ठिपक्यांचे, कसे गुळगुळीत! तिने एकाला बोट लावलं. खडा कोमट होता.

त्या गार वाऱ्यात सुनीतीने चटकन बोट मागे घेतलं. ती अंडी होती.

तेवढ्यात समोरून मूठभर आकाराचा एक पक्षी पंख फरफटत, केविलवाणा ओरडत निघाला. छातीवर दोन पट्टे, एक काळा, एक तांबूस. "इट्स हर्ट!" म्हणत ईशा जॅकेट काढून त्याला पकडायला धावली. धावली ती नेमकी खळग्याच्या दिशेने.

सुनीतीने चूळ थुंकली. "ईशा, थांब!"

ईशाचा बूट अंड्यांपासून वीतभर अंतरावर थबकला. सुनीतीच्या मुठीतले खडे कधीच घरंगळले होते. गौर मोडली, ती मनात म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तशीच ईशाचा हात धरून ती मागे मागे सरकली आणि दोघी खाली बसल्या.

मग त्या पक्ष्याने ते नाटक संपवलं. मोडका पंख पटकन मिटला. तुरुतुरु धावत ती पक्षीण खळग्याशी आली, अंडी पोटाखाली घेतली आणि दोघींकडे रोखून पाहत बसली. एवढ्या मोठ्या ओसाडीत एवढासा जीव! सुनीतीला हात जोडावेसे वाटले, आणि तिने जोडले.

"डॉटरेल," ईशाने पक्ष्याचं नाव कुजबुजत सांगितलं. "शी वॉज प्रिटेंडिंग. फॉर हर बेबीज."

रस्त्यावरून प्रसाद घड्याळ दाखवत ओरडत होता. दहाच मिनिटं उरली होती, आणि सुनीती डोळे पुसत तिथेच बसून होती. ईशाने आईची पाण्याची बाटली उचलली, गाल फुगेस्तोवर चूळ भरली आणि खळग्याला मोठा वळसा घालून ओहोळाकडे गेली. एकेका खड्याला आधी बोट लावी, गार आहे ना ते बघे, मगच उचली. पक्षी जागचा हलला नाही.

साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना सात खडे डब्यात पडले. ईशाने पाणी गिळून टाकलं.

आजी दरवर्षी पुण्याहून फोनवर ईशाला विचारायची तेच सुनीतीने विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर ठरलेलं होतं, सोन्याच्या. ईशाने एकदा मागे वळून खळग्याकडे पाहिलं.

"हळू पावलांनी," ती म्हणाली.